गोरं करणारा हात

राजेंद्र पावरा आणि मी नाशिकला एकाच वर्गात चित्रकला शिकलो. तिसऱ्या वर्षी व्यक्तिचित्रणाचा तास असायचा. एक दिवस मॉडेल म्हणून बसायला येणारे म्हातारे बाबा आलेच नाहीत. सरांनी वर्गावरून नजर फिरवली आणि राजेंद्रला म्हणाले, "तू बस." तो स्टुलावर जाऊन बसला. खिडकी त्याच्या डाव्या हाताला होती. आम्ही अठरा जणांनी त्याच्याभोवती इझल लावले आणि तीन तास त्याचा चेहरा रंगवला.

तास संपल्यावर त्याने आखडलेले पाय झाडले आणि एकेकाच्या मागे जाऊन चित्रं बघायला लागला. कुणी त्याला जांभळट काळा केला होता, कुणी विटकरी. एका मुलीने भिडेखातर गव्हाळ करून टाकला होता. मी तर दुकानात मिळते ती त्वचेच्या रंगाची तयार ट्यूब घेऊन तिच्यात काळा कालवला होता आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत एकच लेप दिला होता. तो माझ्या चित्रापुढे जरा जास्त वेळ थांबला.

"कुंदन, बाकीचे रंग संपले होते का?"

हसत विचारलं त्याने, पण मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. सरांनी ते ऐकलं. त्यांनी माझ्या पेटीतली काळ्याची ट्यूब उचलून खिशात टाकली आणि राजेंद्रला पुन्हा स्टुलावर बसवलं. "कपाळ बघा याचं. खिडकीतलं आभाळ पडलंय तिथे, निळं आहे. गालाखाली भिंतीचा पिवळा परतून आलाय. कानाच्या पाळीतून उजेड आरपार येतोय, ती लाल. काळं कुठे आहे यात?" सगळा वर्ग त्याच्याकडे पहिल्यांदा बघितल्यासारखा बघत राहिला. राजेंद्रने मान खाली घातली होती.

त्यानंतर त्याने एक जाड कागदाची वही केली. रोज स्वतःचा हात समोर धरायचा आणि त्या घडीला त्वचेचा जो रंग दिसेल तो कालवून वहीत छोटा चौकोन भरायचा. सकाळचा, भर दुपारचा, ट्यूबलाइटखालचा. सुटीत घरी गेला की घरच्यांचे चौकोन. खाली पेन्सिलीने लिहायचा: आई, चुलीपाशी. बाबा, उसाच्या तोडीवरून आल्यावर. रिना, तळ्यावर. रिना म्हणजे त्याची धाकटी बहीण. वर्षअखेरीस त्या वहीत तीनशेच्या वर चौकोन झाले होते आणि एकासारखा दुसरा नव्हता.

त्याचं घर तोरणमाळच्या पठारावरचं. वडील जालमसिंग दिवाळीनंतर गुजरातेत ऊसतोडीला जात, आई बेबीबाई थोडी शेती आणि चारोळ्या-मोहाचं बघायची. तो आश्रमशाळेत शिकला. तिथल्या एका गुरुजींनी त्याला ड्रॉइंगच्या दोन्ही परीक्षांना बसवलं आणि दोन्हींत तो वरच्या श्रेणीत आला, म्हणून नाशिक. घरी पावरी, शाळेत मराठी, आणि पुढे शहाद्यात राहून अहिराणीही सफाईदार बोलायला लागला. आम्ही दोघं मात्र नाशिकची सवय म्हणून एकमेकांशी पुस्तकी मराठीतच बोलतो.

डिप्लोमा हातात आला तेव्हा ड्रॉइंग टीचरची भरती बंद होती. मला शहाद्याच्या एका संस्थेत चिकटवून घेतलं, कारण माझे काका तिथे ओळखीचे होते. राजेंद्रसाठी शब्द टाकणारं कुणी नव्हतं. दीड वर्ष तो अर्ज करत राहिला. शेवटी मीच त्याला माझा चुलतभाऊ अमृत याच्याकडे नेलं. अमृतचा फोटो-व्हिडिओचा स्टुडिओ आहे, बी-बियाण्यांच्या एका दुकानावर, पहिल्या मजल्यावर. हे मी मुद्दाम सांगतो आहे, कारण पुढे जे झालं त्याची सुरुवात माझ्या हातून झाली.

"हाऊ चित्रं काढस ना?" अमृत मला म्हणाला. "मंग कॅमेरा बी धरी. ऱ्हाऊ दे आठे."

सहा महिने तो मागच्या खोलीत अल्बमची पानं जुळवत होता. त्या खोलीची खिडकी अमृतने प्लायवूड ठोकून बंद केली होती, कारण संगणकाच्या पडद्यावर उजेड पडायचा. मग एकदा लग्नाच्या दिवशी कॅमेरावाला आजारी पडला आणि राजेंद्रच्या हातात कॅमेरा आला. लोणखेड्याकडचं लग्न होतं. नवरी मांडवाच्या मधोमध रंगीत दिव्यांखाली बसलेली. राजेंद्रने नुसती एक चक्कर मारली आणि तिच्या आईला म्हणाला, "मावशी, हिले दोन पावलं आठे, दरवाजाजोडे बसाडा." बाहेरचा पांढरा उजेड ओट्यावरून आत येत होता. तो तिच्या एका गालावर आला, दुसरा गाल सावलीत राहिला. त्या लग्नाचा व्हिडिओ बघायला अमृतच्या स्टुडिओत माणसं जिना चढून आली.

बाकीचे शूटिंगवाले दिवे घेऊन जायचे आणि दिवे लावायचे. राजेंद्र आधी उजेड कुठून येतोय ते बघायचा. खिशात छोटी वही असायची, तीत चौकटी आखून नवरा-नवरीच्या बसायच्या जागा, खांब, दार, माणसांची गर्दी असं सगळं आधीच काढून ठेवायचा. नवरदेव मारुतीच्या दर्शनाला जाणार असेल तर हा सकाळीच तिथे जाऊन ऊन कोणत्या भिंतीवर चढतंय ते बघून यायचा. पुढे अहिराणी गाण्यांच्या व्हिडिओंची लाट आली, अमृतने स्वतःचं चॅनल काढलं आणि राजेंद्र त्याचा छायालेखक झाला. त्याचे केळीच्या बागेतले शॉट, तापीच्या पात्रातले शॉट लोक थांबवून थांबवून बघत. नंदुरबारपासून शिरपूरपर्यंत नाव झालं.

पण नाव झालं ते वेगळ्याच गोष्टीसाठी.

लग्न कुणाचंही असो, एक वाक्य ठरलेलं. नवरीची आई, मावशी, कधी खुद्द नवरी हळूच येऊन सांगायची, "भाऊ, जराशी गोरी दाखाडजा." सगळेच स्टुडिओ गोरं करून देतात. पण त्यांचं केलेलं दिसतं. चेहरा पिठात बुडवल्यासारखा आणि मान वेगळीच. राजेंद्रचं दिसायचं नाही. कातडीत कुठे निळं असतं, कुठे लाल, कुठे पिवळं, हे त्याला पाठ होतं. म्हणून कोणतं किती काढलं म्हणजे माणूस उजळ दिसेल आणि तरी खरा वाटेल, हेही त्याच्याइतकं कुणाला कळत नव्हतं. मान, हात, कानाची पाळी, सगळं एकत्र वर सरकवायचा. बायका म्हणायच्या, राजेंद्रभाऊचा व्हिडिओ म्हणजे काही केलंय असं वाटतच नाही.

"तुन्हा हातमा जादू शे," अमृत म्हणायचा, आणि ते मनापासून म्हणायचा. तो वाईट माणूस नाही. राजेंद्रच्या लग्नात तो दोन दिवस डोंगरावर जाऊन राहिला होता. राजेंद्रची बायको आशा हिला शहाद्याजवळच्या आरोग्य उपकेंद्रात नर्स म्हणून बदली मिळावी म्हणून त्याने चार ठिकाणी चकरा मारल्या होत्या. त्यांच्या दोन मुली शहाद्यात शाळेत जायला लागल्या, घर भाड्याने मिळालं तेही अमृतच्या ओळखीवर. कॅमेरा अमृतचा, संगणक अमृतचा, गिऱ्हाईक अमृतचं. राजेंद्रचं म्हणून जे काही होतं ते त्याच्या डोळ्यात होतं, आणि ते अमृतच्या खोलीतच कामाला यायचं.

रिनाचं लग्न ठरलं तेव्हा राजेंद्रने अमृतकडून आठ दिवसांची सुटी आणि कॅमेरा मागून घेतला. पठारावर मार्चमध्ये उजेड फार सुंदर असतो, तो मला नेहमी सांगायचा. हळद, मांदल या ढोलाच्या तालावर नाचणाऱ्या बायका, चांदीचे दागिने, सगळं त्याने एकट्याने टिपलं. खाली येऊन चार दिवसांत व्हिडिओ तयार केला आणि पुढच्या रविवारी वर घेऊन गेला. शेजारच्या घरी टीव्ही होता, तिथे वीस-पंचवीस माणसं जमली. बायका आपापले चेहरे दिसले की ओरडत होत्या. बेबीबाई टीव्हीसमोरच बसली होती. तिचा चेहरा पडद्यावर आला, रिनाच्या कपाळाला हळद लावतानाचा. ती पुढे वाकली आणि राजेंद्रला पावरीत विचारलं, "मी त्या दिवशी आजारी होते का रे?"

"नाही. का?"

"मग अशी पांढरीफटक का दिसते? अंगात रक्त नसल्यासारखी."

कुणीतरी हसलं. राजेंद्र सोमवारी माझ्या शाळेत आला तेव्हा मधली सुटी होती. आम्ही ड्रॉइंग हॉलमध्ये बसलो. त्याने मला हे सगळं सांगितलं आणि म्हणाला, "कुंदन, मला कुणी सांगितलं नव्हतं रे. ना अमृतने, ना आईने, ना रिनाने. मी फाइल उघडली आणि माझ्या हाताने आपोआप केलं. आईचा चेहरा समोर होता आणि माझ्या लक्षातही आलं नाही." तो आपल्या उजव्या हाताकडे बघत होता.

मी काहीतरी बोललो. सवय असते, वगैरे. त्याने ऐकलं की नाही माहीत नाही.

त्यानंतर दिवाळीत एक गाणं त्याने हट्टाने वेगळं केलं. नाचणारी मुलगी धडगावकडची होती, गडद सावळी, डोळे मोठे. राजेंद्रने तिला पावडर लावू दिली नाही. संध्याकाळच्या आधी, ऊन उतरलेलं असताना, कापसाच्या शेतात तिला उभं केलं. पांढऱ्या बोंडांचा उजेड खालून तिच्या चेहऱ्यावर येत होता. मी ते गाणं माझ्या वर्गात मुलांना दाखवलं आहे. आमच्या भागात टिपलेला इतका चांगला चेहरा मी दुसरा बघितला नाही. त्या मुलीच्या गालावर मला सरांनी दाखवलेलं आभाळ दिसलं.

चॅनलवर ते गाणं टाकलं आणि त्याखाली लोकांनी लिहायला सुरुवात केली. कॅमेरा खराब झाला का. हिरोईन मिळाली नाही का. लाइट गेली होती वाटतं. त्याहून वाईटही लिहिलं, ते मी इथे सांगत नाही. त्या मुलीच्या भावाने फोन करून गाणं काढून टाकायला सांगितलं, कारण तिला गावात तोंड दाखवणं कठीण झालं होतं. आठ दिवसांत दोन लग्नवाल्यांनी अमृतला कळवलं की आमचं शूटिंग राहू द्या.

अमृत ओरडला नाही. त्याने राजेंद्रला समोर बसवून चहा मागवला. मीही तिथे होतो.

"गानं भारी शे," तो म्हणाला. "मी आंधया नही. पन लोकेसले काय पाहिजे ते तुले बी माहीत शे आन माले बी. मी कोनले कोनले समजाडू? आते पुढे कोनता बी व्हिडिओ माले दाखाडाशिवाय बाहेर जावाव नही."

राजेंद्रने मान हलवली. त्या दिवसापासून त्याच्या प्रत्येक व्हिडिओचा रंग अमृतच्या नजरेखालून जायला लागला. अमृत मागे खुर्ची घेऊन बसायचा आणि म्हणायचा, "आखो जरासं. आखो." राजेंद्र आणखी जरासं वर सरकवायचा. घरी आशाने त्याची रंगांची पेटी मुलींना खेळायला दिली, कारण ती चार वर्षं उघडलीच नव्हती. तिने त्याला विचारून दिली. तो म्हणाला, दे.

दोन वर्षांनी मुंबईहून एक सिनेमा तोरणमाळला आला. ऊसतोडीला जाणाऱ्या डोंगरातल्या कुटुंबाची गोष्ट होती. त्यांना भाषा जाणणारा आणि कॅमेऱ्याला हात लावता येणारा माणूस पाहिजे होता. कुणीतरी राजेंद्रचं नाव सांगितलं. सिनेमाचे मुख्य छायालेखक पन्नाशीचे, मोठ्या नावाचे गृहस्थ; सगळे त्यांना दादा म्हणत. राजेंद्र त्यांना भेटायला गेला तेव्हा लग्नाचे व्हिडिओ नेले नाहीत. नाशिकची चौकोनांची वही नेली. दादांनी एकेक पान उलटलं. अर्धा तास ते त्या वहीवरच बोलत होते. स्वतः चित्रकलाच शिकले होते म्हणे. शेवटी म्हणाले, "दुसरा कॅमेरा तू चालवायचास."

त्या दिवशी तो माझ्या घरी आला तेव्हा धावत आल्यासारखा दिसत होता. पस्तिशी उलटलेला माणूस, पण बोलताना शब्द एकमेकांवर पडत होते. "दादा म्हणाले, तुला डोळा आहे. कुंदन, ते म्हणाले की पडद्यावर आमच्या लोकांचा रंग अजून कुणी नीट आणलाच नाही, आपण आणू."

अमृतने सुटी दिली. "जाय. मी तुले रोकाव नही. पन लगीनसराईना पहिले परत ये," एवढंच म्हणाला.

शूटिंग सव्वीस दिवस चाललं. चौथ्या दिवशी घरातल्या म्हातारीचा प्रसंग होता. त्यासाठी राजेंद्रने शेजारच्या पाड्यावरच्या रूपलीबाईंना आणलं होतं. सत्तरीच्या असतील. सिनेमात दिसायचं म्हणून त्या सकाळी अंघोळ करून, केसांना तेल लावून, ठेवणीतलं लुगडं नेसून, गळ्यात चांदीची साखळी घालून आल्या. मेकअपवाल्याने त्यांना बघितलं आणि डोकं हलवलं. साखळी उतरवली. लुगडं बदलून फाटकं दिलं. मग तेलात काजळी कालवून गालांवर, गळ्यावर, हातांवर चोळायला लागला आणि वरून मूठभर माती उधळली.  रूपलीबाई राजेंद्रकडे बघून पावरीत म्हणाल्या, "मी अंघोळ करून आले याचा याला राग आला का?"

मेकअपवाल्याने विचारलं, "काय म्हणतात?"

"काही नाही. पाणी मागताहेत," राजेंद्र म्हणाला. आणि रूपलीबाईंना म्हणाला, "मावशी, दिव्यासाठी आहे. कॅमेऱ्यात नीट दिसावं म्हणून." त्यांनी विश्वास ठेवला. चेहरा पुढे केला.

तो दादांकडे गेला. दादांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं, मध्ये तोडलं नाही. मग म्हणाले, "तुझं खरं आहे. पण ही उपाशी माणसांची गोष्ट आहे. बघणाऱ्याला पहिल्या क्षणी कळायला हवं."

"उपाशी माणूस अंघोळ करतो, दादा."

"करतो," दादा म्हणाले. "पण पडद्यावर ते कळत नाही." आणि पुढच्या शॉटकडे वळले.

जेवणाच्या सुटीत सगळे मांडवाखाली गेले होते. राजेंद्रने कळशीभर पाणी आणि स्वच्छ पंचा घेतला, रूपलीबाईंना तोंड धुवायला लावलं, मेकअपवाल्याच्या पिशवीतून त्यांची साखळी काढून त्यांना दिली आणि शेजारच्या पाड्यावर नेऊन त्यांच्याच घराच्या दारात बसवलं. दुसरा कॅमेरा लावला. पुढे काय करायचं ते त्याने सांगितलं नाही. रूपलीबाई दारात बसून समोरच्या उतारावर चरणाऱ्या बकऱ्यांकडे बघत होत्या. मध्येच एका बकरीला हाक मारली. दोन मिनिटं आणि काही सेकंदांचा शॉट. दादा जेवून आले तेव्हा त्यांनी तो शॉट छोट्या पडद्यावर पूर्ण बघितला. "सुंदर आहे," ते म्हणाले. "पण या सिनेमाचा नाही."

मी त्याला पुढे विचारलं होतं की तेव्हाच उठून का आला नाहीस. तो म्हणाला, "माझ्या शब्दावर चाळीस माणसं तिथे आली होती. मी निघालो असतो तर त्यांना काय बोललं जातंय हे त्यांना सांगणारं कुणी उरलं नसतं. आणि ते काय म्हणताहेत हे सिनेमावाल्यांनाही." थोडं थांबून म्हणाला, "तसं मी तरी कुठे सांगत होतो? सव्वीस दिवस मी दोन्हीकडे खोटंच सांगितलं."

सिनेमा आला. दूरच्या शहरांत त्याचं कौतुक झालं, आमच्याकडे तो थेटरात लागलाच नाही. आम्ही माझ्या घरी टीव्हीवर बघितला. राजेंद्र, आशा, मी आणि माझी बायको. सगळा पट मातकट पिवळा होता. माणसं, भिंती, भाकरी, आभाळ, सगळ्यांवर एकच रंग फिरवलेला. तोरणमाळचं तळंसुद्धा गढूळ दिसत होतं. रूपलीबाई दोन ठिकाणी दिसल्या, काजळी लावलेल्या, पाठमोऱ्या. दारातला शॉट नव्हता. शेवटी नावं सरकायला लागली. कॅमेऱ्याच्या यादीत राजेंद्रचं नाव नव्हतं. खाली, बारीक अक्षरांत, स्थानिक साहाय्य म्हणून होतं, आणि तेही पावरा ऐवजी पवार असं.

आशा म्हणाली, "फोन करून सांगा त्यांना."

"काय सांगू?" तो म्हणाला आणि चपला घालायला लागला.

अमृतला मात्र फार आनंद झाला होता. त्याने स्टुडिओच्या बोर्डावर 'सिनेमाचे कॅमेरामन' अशी नवी अक्षरं चढवली. बुकिंग वाढलं. आता तर दोंडाईचा, तळोदा, गुजरातेतून निझरपर्यंत लोक बोलवायला लागले, सिनेमावाल्या माणसाकडून नवरी गोरी करून घ्यायला. एका दुपारी मी मागच्या खोलीत गेलो होतो. तो पडद्यापुढे बसला होता, एका नवरीचा चेहरा मोठा करून. मी म्हणालो, "सोड ना हे. दुसरं काहीतरी बघ."

"कुठे जाऊ?" त्याने मान वळवली नाही. "इथे गोरं करायचं. तिथे मळकं करायचं. तिसरी जागा तुला माहीत असेल तर सांग." मग म्हणाला, "आशाची नोकरी इथे. मुलींची शाळा इथे. आणि मला दुसरं येतं काय? नाशिकला जे शिकलो तेच विकतोय की. फक्त उलटं करून."

 

गेल्या वर्षी गणपतीनंतर एका मंगळवारी, बाजाराच्या दिवशी, रूपलीबाईंचा मुलगा जान्या स्टुडिओत आला. आई गेली होती, तापाने, चार दिवसांत. घरात तिचा एकही फोटो नव्हता. आधार कार्डावर होता, पण त्यात नुसता एक काळा डाग दिसत होता, डोळेसुद्धा नाहीत. जान्याने ते कार्ड राजेंद्रपुढे ठेवलं. "तू तिचं शूटिंग केलं होतं ना दारात," तो म्हणाला. "त्यातला एक काढून दे. दिवसकार्याला ठेवायचाय."

राजेंद्रने मुंबईला फोन लावले. ज्यांच्याशी बोलायचं ते सिनेमाच्या कंपनीत उरले नव्हते. दादांचा फोन लागला. ते बराच वेळ बोलले, रूपलीबाईंबद्दल हळहळले, चौकशी करतो म्हणाले. आठवड्याने त्यांच्या साहाय्यकाचा निरोप आला की सिनेमात न घेतलेलं चित्रण पुसून टाकलेलं आहे.

मग त्याने मुलींकडून रंगांची पेटी मागून घेतली. निम्म्या ट्यूब वाळलेल्या होत्या. राहिलेल्या मी शाळेतून दिल्या. स्टुडिओत अमृतपुढे नको म्हणून तो माझ्या ड्रॉइंग हॉलमध्ये शाळा सुटल्यावर येऊन रूपलीबाईंचं चित्र काढायचा. पहिले तीन दिवस त्याला काही जमेना. हात सारखा उजळ रंगाकडे जायचा. गाल करायचा, मागे सरकून बघायचा आणि पुसून टाकायचा. "दिसते रे मला," तो म्हणायचा, "पण हात ऐकत नाही." एकदा ब्रश टेबलावर टाकून तो हॉलच्या पायऱ्यांवर जाऊन बसला आणि मला वाटलं आता परत येणार नाही. चौथ्या दिवशी त्याने कार्डावरचा फोटो उपडा ठेवला आणि जान्याला फोन लावला. मोबाइल टेबलावर ठेवून तो त्याला आईबद्दल विचारत राहिला. ती बकऱ्यांना कशी हाक मारायची. दात किती होते. हसताना कोणता डोळा बारीक व्हायचा. फोनवर जान्या बोलत होता आणि राजेंद्र काढत होता. अकराव्या दिवशी चित्र झालं.

मी चित्रकलेचा मास्तर आहे. चूक काढायची सवय आहे. लुगड्याच्या घड्या थोड्या कडक आल्या होत्या. पण चेहरा असा होता की त्याच्यापुढे चपला घालून उभं राहायला मला संकोच वाटला.

जान्या ते फडक्यात गुंडाळून घेऊन गेला. पुढच्या मंगळवारी त्याच्या पाड्यावरची दोन माणसं आली, आपल्या गेलेल्या माणसांचं विचारायला. त्यानंतर आणखी. आता मंगळवारी राजेंद्र दोन तास माझ्या हॉलमध्ये बसतो. वर्षात सात चित्रं झाली. कुणाचाही धड फोटो नव्हता, सगळी बोलण्यावरून. यामुळे त्याचं काही सुटलं असं नाही. तो सुटल्यासारखा दिसतही नाही. बाकीचे सहा दिवस तो प्लायवूड लावलेल्या खोलीत असतो आणि आता या भागातल्या निम्म्या नवऱ्या त्याच्या हातून गोऱ्या होऊन गेल्या असतील. मी त्याला एकदा म्हणालो की या सात चित्रांचं शाळेत प्रदर्शन लावू. तो म्हणाला, "ती त्यांच्या घरात आहेत. मागायला मी जाणार नाही."

मागच्या मंगळवारी तो आठवं चित्र करत होता, दगूबाई नावाच्या एका बाईचं. तिची सून समोर बाकावर बसून सांगत होती. तेवढ्यात अमृत स्वतः शाळेत आला. दारात थांबला, चित्राकडे बघितलं. काही बोलेल असं मला वाटलं. तो फक्त म्हणाला, "राजेंद्र, प्रकाशा गावले नवरी तयार शे. लोके खोळंबनात."

राजेंद्रने ब्रश धुतले, पुसले. सुनेला पुढच्या मंगळवारी यायला सांगितलं. मग अमृतच्या मागोमाग जाऊन गाडीत बसला.